वर्गणीचे पाकीट आमच्या सतरंजीवर नको

प्रति,
पाळकसाहेब आणि पास्टरेट कमिटीतील सर्व बंधू-भगिनी यांस,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

गेल्या महिन्यात रविवारची उपासना संपता संपता सेक्रेटरींनी एक सूचना वाचली. घरोघरी भरणाऱ्या प्रार्थना गटांबद्दल कमिटीने तीन ठराव केले आहेत. पंधरापेक्षा कमी माणसे येतात ते गट शेजारच्या गटात मिसळायचे. प्रत्येक गटाने हजेरीचे रजिस्टर ठेवून महिनाअखेरीस ते कमिटीला दाखवायचे. आणि मासिक वर्गणी व इमारत फंडाची पाकिटे इथून पुढे गटातच गोळा करायची. दोन मिनिटांत वाचून झाले. लगेच पाळकसाहेबांनी हात उंचावून आशीर्वाद दिला आणि त्यात दर रविवारी येतो तो शब्द आला, सहभागिता. लहानपणापासून ऐकत आलेला शब्द. त्या दिवशी मात्र सगळे उठले तरी मी बाकावर तशीच बसून राहिले. माझ्या आयुष्यात त्या शब्दाला जो काही अर्थ आला तो गुरुवारी संध्याकाळी, सतरंजीवर बसून आला. तो गुरुवारच या तीन ठरावांनी हातचा जाईल, अशी भीती मला वाटते.

हे पत्र खुले लिहिते आहे, कारण प्रश्न आपल्या एकट्या चर्चच्या मंडळीचा नाही. नाशिकला माझी बहीण आहे, मुंबईत भाची आहे, नगरला माहेरची सगळी माणसे आहेत. घरसभांचे काय करायचे, हा विषय त्यांच्याही मंडळ्यांत निघतो. कुठे त्यांना कॉटेज प्रेयर म्हणतात, कुठे सेल ग्रुप, कुठे नुसतेच ‘आमची सभा’. नावे वेगळी, अडचणी सारख्याच.

कमिटीत कोणाचा हेतू वाईट आहे असे मी म्हणत नाही. मागच्या पावसाळ्यात वेदीच्या डाव्या बाजूला दोन बादल्या ठेवून आपण प्रभुभोजन घेतले, ते मी विसरलेले नाही. छप्पर दुरुस्त करायलाच हवे. अनेक घरांची वर्गणी थकली आहे. पाळकसाहेब एकटे, आणि घरे पिंपरीपासून पार तळेगावपर्यंत पसरलेली. गटांमुळे माणसे फुटतात, हीही तुमची काळजी आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी ब्रिस्टलची गोष्ट सांगते. आपण मेथडिस्ट नाही, हे मला ठाऊक आहे. आपले आजे-पणजे अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत वाढले. ते मिशन १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ पासून नगरला स्थिरावले. तरीही ही गोष्ट आपल्या ठरावाशी इतकी जुळते की सांगितल्यावाचून राहवत नाही.

इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरात मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींच्या लोकांनी १७३९ साली एक सभागृह बांधायला घेतले. बांधकामाचे कर्ज झाले. ते फेडायचे कसे, यासाठी फेब्रुवारी १७४२ मध्ये सगळे बसले. ठरले असे की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी, म्हणजे तिकडचे एक छोटे नाणे, द्यायची. कोणीतरी म्हणाले, आपल्यात कितीतरी जण इतके गरीब आहेत की त्यांना तेवढेही जमणार नाही. तेव्हा कॅप्टन फॉय नावाचे एक गृहस्थ उभे राहिले. ते म्हणाले, सगळ्यांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या. दर आठवड्याला मी त्यांच्याकडे जाईन. देता आले तर देतील, नाही जमले तर त्यांची पेनी मी भरीन. इतरांनीही तसेच केले आणि बारा-बाराचे गट पडले.

आता पाहा काय झाले. पेनी मागायला घरोघर गेलेल्या माणसांना दाराआडचे संसार दिसू लागले. कुठे नवरा-बायकोत धड चालले नव्हते, कुठे दारू होती. वेस्लींच्या कानावर हे आले तेव्हा त्यांच्या लक्षात आले की आपण जे कधीपासून शोधत होतो ते हेच. पुढे घरोघर जाण्याऐवजी ते बारा जण आठवड्यातून एकदा एकत्र बसू लागले, आपापले बरेवाईट सांगू लागले, एकमेकांसाठी प्रार्थना करू लागले. गट चालवणारे साधे कारागीर होते, दुकानदार होते, आणि स्त्रियाही होत्या. ज्या काळात बाईने चर्चमध्ये तोंड उघडणे कोणाला खपत नव्हते, त्या काळात.

म्हणजे तिथे वर्गणीसाठी माणसे घरात शिरली आणि माणसांसाठी थांबली. आपल्या ठरावाने याच्या उलट होईल. आपल्याकडे गट माणसांसाठीच सुरू झाले, आता त्यांना वर्गणीच्या कामाला लावायचे आहे. आणि त्या गोष्टीतला सर्वांत मोलाचा भाग, अकरा गरिबांची पेनी स्वतः भरायला तयार झालेला तो माणूस, आपल्या ठरावात कुठेच नाही. थकबाकीदाराचे पाकीट रिकामे आले तर गटप्रमुखाने काय करायचे? सूचनेत ते लिहिलेले नव्हते.

आमच्या गुरुवारच्या गटात अकरा जण आहेत. कॅप्टन फॉय यांचा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा मला आनंद झाला होता, हे कबूल करते. आमच्यात चाकणच्या कारखान्यात कंत्राटी काम करणारे एक भाऊ आहेत. दोन घरची धुणीभांडी करणारी एक ताई आहे. गुडघ्यांमुळे चर्चच्या पायऱ्या चढू न शकणाऱ्या एक आजी आहेत, त्यांना मंडळी भेटते ती फक्त गुरुवारी. कॉलेजात जाणारी दोन मुले आहेत, एक पेटी वाजवते, दुसरा खंजिरी. मी स्वतः निवृत्त परिचारिका. मिरजेला शिकले, छत्तीस वर्षे वॉर्डात काढली.

त्या ताईबद्दल थोडे लिहिते, तिला विचारून लिहिते. दोन वर्षे ती गटात येत होती आणि प्रार्थनेच्या विनंत्या सांगायची वेळ आली की ‘सगळे बरे आहे’ म्हणायची. आम्ही कोणी खोदून विचारले नाही. एका गुरुवारी पाऊस होता, आम्ही सहाच जण होतो. गाणे झाले, वचन वाचून झाले, चहा ठेवायला मी उठले, आणि ती एकदम म्हणाली, ‘सिस्टर, माझा मुलगा चार महिने झाले घरी आला नाही.’ एवढेच. मी गॅस बंद केला. पुढचा दीड तास कोणी हलले नाही. त्या मुलाला शोधायला चाकणचे भाऊ दोन रविवार स्वतःच्या खर्चाने गेले, आणि तो सापडला. आज तो बरा आहे असे मी लिहिणार नाही, कारण तो अजून पुरता बरा नाही. पण आता ती एकटी नाही.

ती वीस जणांत बोलली असती का? हजेरीचे रजिस्टर पुढ्यात उघडे असताना बोलली असती का? आणि त्या महिन्यात तिची वर्गणी थकलेली होती. त्या दिवशी पाकिटे गोळा व्हायची असती तर ती आलीच नसती. हा माझा तर्क नाही, हे तिने मला सांगितले आहे.

छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट शिकले. राउंडला डॉक्टर, विद्यार्थी, सगळे खाटेभोवती उभे राहतात तेव्हा पेशंट म्हणतो, बरे वाटते. सगळे पुढच्या खाटेकडे गेले की तो सिस्टरचा हात धरतो आणि मग खरे दुखणे सांगतो. माणसाला ऐकणारी माणसे मोजकीच लागतात. गटाचा लहानपणा आम्ही सवयीने किंवा आळसाने ठेवलेला नाही. त्याचा जीवच त्यात आहे.

संख्येला माझा विरोध आहे असे समजू नका. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या जानेवारीत पंडिता रमाबाईंनी रोज प्रार्थनेला कोण बसेल असे विचारले तेव्हा सुमारे सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत रोज दोनदा बसणाऱ्या साडेपाचशे झाल्या. केडगाव इथून लांब नाही, तिथली माणसे आपल्यात आहेत, तो इतिहास आपण सांगतो आणि मिरवतोही. पण त्या वाढल्या त्या आपल्या पायांनी येऊन. त्यासाठी कोणाला दोन गट एकत्र करावे लागले नव्हते. आमचा गट वाढून पंधराचा झाला तर मी तुमच्याकडे येईन आणि म्हणेन, आमचे दोन गट करून द्या.

आता २०२० ची आठवण देते, कारण तेव्हा कमिटीतल्या अनेकांनी स्वतः हे पाहिले आहे. मार्चमध्ये चर्चला कुलूप लागले ते राज्य सरकारने १६ नोव्हेंबरला प्रार्थनास्थळे उघडली तेव्हा निघाले. पुढच्या वर्षी दुसरी लाट आली, पुन्हा बंद झाले ते ७ ऑक्टोबर २०२१ पर्यंत. त्या सगळ्या महिन्यांत मंडळी कुठे होती? मोबाईलवर उपासना होत होती, ती पाळकसाहेबांनी कष्टाने चालवली, त्याबद्दल आभार आहेतच. पण कोणाच्या घरी डबा गेला, कोणाला ऑक्सिजनची खाट मिळाली, कोणाच्या औषधांना पैसे कमी पडले, हे कळत होते ते गटांना. एप्रिल २०२१ मध्ये आमच्या गटातल्या एका भावाला प्रभूने बोलावून घेतले. मातीला चार माणसांना जाऊ दिले. त्यांच्या पत्नी घरात एकट्या, दाराला पट्टी लावलेली. त्या रात्री आम्ही नऊ जण एकापाठोपाठ एक, पहाटे पाचपर्यंत त्यांच्याशी फोनवर बोलत राहिलो. कोणी स्तोत्र वाचले, कोणी काही न बोलता नुसता फोन धरून बसले. कोणी कधी फोन करायचा याची यादी आम्ही एका कागदावर केली होती. आमच्या गटाने आजवर ठेवलेले रजिस्टर म्हणाल तर तेवढेच.

रजिस्टरबद्दल आणखी एक सांगायचे आहे, आणि ते जरा जपून सांगते. आमच्या शेजारच्या काकू ख्रिस्ती नाहीत. संध्याकाळी त्यांच्या देवघरात दिवा लावतात आणि मग गाणी ऐकायला आमच्याकडे येऊन बसतात. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजने त्यांना पाठ झाली आहेत, आणि का होऊ नयेत, ती ओवी-अभंगाच्या चालीतच तर आहेत. त्यांना कोणी काही करायला सांगितले नाही, सांगणारही नाही. त्यांचे नाव मी रजिस्टरात कोणत्या रकान्यात लिहू? आजकाल चार ख्रिस्ती माणसे घरात बसून गायली तरी कोण आले होते, कशाला आले होते, असे विचारले जाते. अशा दिवसांत नावांची यादी करून ती हातोहात फिरू देणे शहाणपणाचे नाही. आपल्याकडे लपवण्यासारखे काही नाही. पण काकूंना उद्या कोणी दारात उभे राहून जाब विचारावा, अशी वेळ आपल्यामुळे का यावी?

नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही त्यात येशूचे शिष्य म्हणून शेजारी शेजारी बसावेत, असे त्यांच्या मनात होते. दोन वर्षांत ते गेले आणि काम अपुरे राहिले. त्यांच्या जयंतीला आपण हार घालतो, त्यांची गाणी गातो. त्या दरबारासारखे काही आज कुठे दिसते का, असे कोणी विचारले तर मी काकूंचा पाट दाखवीन.

गटांचे दोष मला दिसत नाहीत असे नाही. मी एका गटात चौदा वर्षे आहे, तुमच्यापेक्षा जवळून पाहिले आहेत.

गटात सांगितलेली गोष्ट बाहेर जाते. असे आमच्याकडे एकदा झाले. एका मुलीच्या लग्नाचा विषय सभेत निघाला आणि रविवारपर्यंत अर्ध्या मंडळीला कळला. ते कुटुंब पुन्हा आले नाही. आम्ही त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली, तीनदा. त्यांनी चहा दिला, पण ती माणसे परतली नाहीत. ती जखम अजून आहे. तेव्हापासून प्रत्येक सभेच्या सुरुवातीला आम्ही मोठ्याने म्हणतो, इथले इथेच.

खाण्याचेही होते. एका घरी बटाटेवडे झाले की दुसऱ्या घरी पावभाजी होते आणि तिसरे घर म्हणते, आमच्याकडे नको सभा, आमची जागा लहान आहे. जागा लहान नसते, खिसा लहान असतो. आम्ही ठरवले, चहा आणि बिस्कीट, वाढदिवस असो की नाताळ. त्यानंतर त्या ताईच्या खोलीत पहिल्यांदा सभा भरली.

याहून खोल दुखणे वेगळे आहे. आपले गट गल्लीप्रमाणे बनत नाहीत, भावकीप्रमाणे बनतात. एका गावची, एका नात्यातली माणसे एकत्र बसतात आणि दुसऱ्यांना, कोणी हाकलले नाही तरी, परके वाटते. आपल्या पणजोबांनी ज्या जातीच्या उतरंडीखालून बाहेर येण्यासाठी येशूचा हात धरला, ती उतरंड आपल्या सोयरिकीत अजून आहे आणि सतरंजीवरही येऊन बसते. कमिटीला गटांची पुनर्रचना करायचीच असेल तर इथे करा. वस्तीप्रमाणे गट पाडा, मग नगरवाले, सोलापूरवाले, मराठवाड्यातले एका खोलीत येऊ देत. पहिले सहा महिने अवघड जाईल. त्या ठरावाच्या बाजूने मी स्वतः घरोघर फिरेन.

आणि माणसे फुटण्याबद्दल. दोन वर्षांपूर्वी एक गट अख्खा निघून गेला, त्याचे सगळ्यांनाच वाईट वाटले. पण त्या गटात एकच भाऊ आठ वर्षे वचन सांगत होते, त्यांना कोणी बदलले नाही, आणि त्या आठ वर्षांत कमिटीचे कोणीही तिथे जाऊन बसले नाही. माणूस एकटा पडला की स्वतःची मंडळी मांडतो. हे थांबवायला गट मोठे करून काय उपयोग? प्रत्येक गटाला दोन पुढारी द्या, त्यांतली एक बहीण असू द्या, दोन वर्षांनी बदला, आणि तीन महिन्यांतून एकदा सगळ्या पुढाऱ्यांना पाळकसाहेबांनी शिकवायला बसवा. कसे ऐकावे, कुठे थांबावे, कोणती गोष्ट डॉक्टरकडे किंवा पोलिसांकडे न्यायची, हे आम्हाला कोणी शिकवलेले नाही. मारहाण सोसणाऱ्या बाईला ‘प्रार्थना कर’ एवढेच सांगून घरी पाठवणारे गट मी पाहिले आहेत. त्याची मला लाज वाटते.

हिशेब तुम्हाला हवा, हेही बरोबर आहे. पण मग हजेरी मागू नका. तीन महिन्यांनी आम्हाला विचारा, या काळात गटाने कोणाचे दुखणे उचलले. नावे न घेता आम्ही सांगू. सांगण्यासारखे काहीच नसेल तर तो गट का चालला आहे, हे विचारायचा तुमचा हक्क आहे.

वर्गणीसाठी एक सुचवते. पाकीट जिथे आजवर पडत आले तिथेच, चर्चच्या दारातल्या पेटीत पडू द्या. थकलेली घरे किती आणि एकूण रक्कम किती, एवढा आकडा नावांशिवाय फळ्यावर लिहा. आमच्या गटाने ठरवले आहे की ज्यांना जमते त्यांनी आपल्या वर्गणीबरोबर आणखी एका घराची वर्गणी भरायची, कोणाची ते न विचारता. सध्या आम्ही चार जण आहोत. छपराला ते पुरणार नाही. पण इतर गटांतही कॅप्टन फॉय निघतील, आणि ते निघण्यासाठी कोणाला कोणाच्या मागे लावावे लागत नाही.

आपली जुनी मंडळी-पद्धत अशी की ठराव वरून येत नाही, मंडळी बसते आणि ठरवते. म्हणून माझी विनंती एवढीच की हे तीन ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेपर्यंत थांबवावेत आणि त्या सभेत गटांतल्या माणसांना बोलू द्यावे. विशेषतः जी माणसे माईकवर कधी बोलत नाहीत त्यांना.

आणि त्याआधी पाळकसाहेब, तुम्ही एकदा या. प्रवचन नको, वचन आमचे आम्ही वाचू. तुम्ही नुसते सतरंजीवर बसा. तुमच्याही काही विनंत्या असतील. इतक्या वर्षांत त्या तुम्हाला कोणी विचारल्या आहेत का, मला माहीत नाही. आम्ही विचारू, आणि त्या खोलीबाहेर जाणार नाहीत.

या गुरुवारी सभा आमच्याकडे नाही, ताईकडे आहे. पाण्याच्या टाकीमागची दुसरी चाळ, वरचा मजला. साडेसातला सुरू करतो. जिन्यातला दिवा गेलेला आहे, टॉर्च घेऊन या.

ख्रिस्तात आपली बहीण,
गुरुवारच्या गटातली एक सभासद